ठिपका समुद्रात जातो

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. लिफ्टमध्ये मी धोक्याच्या घंटीच्या बटणाला खेटून उभा राहतो. नोकरीत असताना साहेबांनी "जरा आत येऊन जा" म्हटलं, की जायच्या आधी मी टेबलाचे खण आवरून ठेवायचो. आपल्यामागे कोणाला त्रास नको. अशा माणसाने, म्हणजे मी, एका रविवारी सकाळी घरापासून दीपगृहापर्यंत आणि तिथून परत एकट्याने पळत जाणार असं जाहीर केलं, तेव्हा घरात शांतता पसरली. त्या शांततेत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस मीच होतो.

पण इलाज नव्हता. डॉक्टरांकडून हृदयाच्या नळीत एक स्प्रिंग बसवून घेतल्यापासून घरात माझी अवस्था गॅसवर ठेवलेल्या दुधासारखी झाली होती. माझ्यावरची नजर कोणी काढतच नव्हतं. न्हाव्याकडे गेलो तर बायको शेजारच्या खुर्चीत बसायची आणि त्याने वस्तरा हातात घेतला की "जरा जपून हं" म्हणायची. बाथरूमची आतली कडी तिने काढून टाकली होती. त्याऐवजी अट अशी होती, की आत असेपर्यंत मी मोठ्याने गाणं म्हणत राहायचं. गाणं थांबलं की दारावर थाप. आता माणसाला अशी किती गाणी येतात? माझी तर तोंडाला साबण लागायच्या आधीच संपायची. मग मी पाढे म्हणायचो. समोरच्या बिल्डिंगीतली एक मुलगी सतराचा पाढा माझ्यामुळे शिकली, असं तिची आई मला अगदी कौतुकाने सांगते.

हेही मी सहन केलं असतं. पण दुसऱ्या शहरात राहणाऱ्या आमच्या मुलीने आम्हा दोघांना कायमचं तिच्याकडे न्यायचं ठरवलं. आमच्यासाठी तिने एक खोली तयार ठेवली होती. मी ती पाहून आलो होतो. चांगली खोली होती. भिंतीला धरून चालण्यासाठी दांडा होता, पलंगाशेजारी घंटा होती आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. त्या खोलीत मला पुढे काय काय होणार आहे ते सगळं एका नजरेत दिसलं. खरं सांगतो, मला माझ्या हृदयाची वाटली नव्हती एवढी भीती त्या खोलीची वाटली.

शेवटी फोनवर तह झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात पळा, तर पळा. एकदा एकटे जाऊन सुखरूप परत आलात, की मी हा विषय बंद करीन. पण काही गडबड झाली तर दोघांनी मुकाट्याने इकडे यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. माझा आवाज जरा बारीक आला, पण फोनवर तसा येतोच.

दीपगृह मी अशासाठी निवडलं, की कॉलेजात असताना मी रोज तिथपर्यंत पळत जायचो. गल्लीच्या टोकाला समुद्र, समुद्राला धरून डावीकडे वळायचं, की नाकासमोर दीपगृह. चुकायची सोयच नाही. आता त्या बाजूला मी बऱ्याच वर्षांत फिरकलो नव्हतो, ही गोष्ट खरी. समुद्राजवळ राहणारी माणसं समुद्रावर जातात, हा लांब राहणाऱ्यांचा गैरसमज आहे. आमचा बाजार, बँक, दवाखाना, बसस्टॉप, सगळं उलट्या बाजूला. समुद्राकडे आम्ही पाहुणे आले तरच जायचो, आणि जागा लहान असल्यामुळे पाहुणेही हल्ली येत नाहीत.

बातमी बिल्डिंगभर पसरली. पहिले आले सेक्रेटरी. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी इतकी वर्षं आहेत, की त्यांची बायकोसुद्धा त्यांना सेक्रेटरी म्हणते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "पळा. अवश्य पळा. आमचे एक साडू असेच पळायला गेले होते."

"मग?"

"मग काय," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या मते पळण्यापूर्वी पोट भरलेलं पाहिजे, कारण रिकाम्या पोटी पळणारा माणूस चक्कर येऊन पडतो. त्यांनी मला समोर बसवून केळी खायला लावली. ती पोटात जातात न जातात तोच सेक्रेटरी म्हणाले, "साडूंनीही केळी खाल्ली होती."

निघताना माझ्या कमरेला एक पट्टा होता. त्यात पाण्याची बाटली, जिभेखाली ठेवायची गोळी, साखरेची पुडी आणि फोन. गळ्यात शिट्टी. फोनमध्ये मुलीने लांबूनच काहीतरी करून ठेवलं होतं. मी जिथे जाईन तिथे एक निळा ठिपका बायकोच्या फोनवरच्या नकाशात सरकत राहणार होता. बायको जेवणाच्या टेबलाशी बसून तो बघणार होती. दारात ती मला म्हणाली, "अहो, दमलात तर थांबा. पण फार वेळ थांबू नका, मला काळजी वाटते." थांबावं की थांबू नये, याचा विचार करतच मी जिना उतरलो.

गल्लीतून मी पळायला लागलो. पळताना माणसाला स्वतःचं हृदय ऐकू येतं, हे मी विसरलो होतो. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नसेल. मला मात्र प्रत्येक ठोक्याला 'झाला एकदाचा' असं वाटायचं आणि पुढचा ऐकू येईपर्यंत दम धरवत नसे. त्यात कमरेला फोन वाजू लागला. आधी काही गडबड आहे का म्हणून बायकोचा, मग फोन का उचलला नाही म्हणून बायकोचा, मग आईचा फोन का उचलत नाही म्हणून मुलीचा. प्रत्येक वेळी मी दचकायचो, आणि दचकणं हृदयाला पळण्यापेक्षा वाईट असतं. शेवटी मी फोनचा आवाज बंद करून टाकला. ठिपका दिसतोय, मग बोलायचं कशाला? हा माझा विचार मला त्या वेळी फार शहाणपणाचा वाटला.

लाकडाची वखार होती तिथे काचेचं दुकान झालं होतं आणि त्यात नुसतेच दिवे विकायला होते. धोब्याच्या जागी दातांचा दवाखाना. तालीम होती तिथे एक खोल खड्डा आणि त्यात एक पिवळं यंत्र. मी इकडे तिकडे न बघता पळत राहिलो. गल्लीच्या टोकाला पोचलो आणि थांबलो, कारण समुद्र जागेवर नव्हता.

मी पुन्हा नीट बघितलं. समुद्र म्हणजे काही चप्पल नव्हे, की मघाशी इथे काढली होती आणि आता दिसत नाही. पण नव्हता. समोर एक उंच फाटक होतं, मागे गगनचुंबी इमारती होत्या आणि फाटकापाशी गणवेशातला पहारेकरी होता. वारा खारट येत होता, एवढीच काय ती जुनी ओळख. याच गल्लीत माझा जन्म गेला. आता पहारेकऱ्याला "समुद्र कुठे राहतो?" असं कोणत्या तोंडाने विचारणार? मी छाती काढून, नेहमीचा असल्यासारखा आत शिरू लागलो.

"कुणाकडे जायचंय?" त्याने हात आडवा घातला.

"कुणाकडे नाही. दीपगृहाकडे."

"कितवा मजला?"

"मजला नाही हो. दीपगृह. पुढे गेलं की डावीकडे."

त्याने भिंतीवरचा फोन उचलला. "साहेब, एक काका आलेत. दीपगृहाकडे जायचंय म्हणतात." पलीकडचं ऐकून तो माझ्याकडे वळला. "त्या नावाचं कोणी राहत नाही. आणि राहत असेल तर त्यांना फोन करून सांगा, खाली येऊन तुम्हाला घेऊन जायला."

मी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला. त्याने मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं, आणि घरचं कोणी सोबत आहे का, असं फार मायेने विचारलं. त्या मायेने मी खचलो. मघापासून हृदय शाबूत होतं, पण अब्रूला पहिला तडा तिथे गेला. मी उठलो आणि फाटकाच्या कडेने जो कच्चा रस्ता जात होता त्यावर तडक पळत सुटलो.

त्या रस्त्याने मला एका अशा जागी नेऊन सोडलं, की तिथे नुसती जमीनच जमीन होती. सपाट, करडी, नवी कोरी. रुंद रस्ते होते, पण त्यांना नावं नव्हती. दिव्याचे खांब होते, दिवे नव्हते. अर्धवट बांधलेल्या इमारती उभ्या होत्या आणि एकही माणूस नव्हता. समुद्रात भराव घालून तयार केलेली ही जमीन होती, हे माझ्या ध्यानात आलं. भरावाबद्दल पेपरात येत असे. म्हणजे तरुणपणी ज्या पाण्यात पाय घालायला मी घाबरायचो त्याच पाण्यावरून आता पळत होतो. हा विचार मनात आल्याबरोबर मला पायाखालची जमीन जराशी हलल्यासारखी वाटली.

तेवढ्यात कुत्री आली. त्या ओसाड जागेची खरी रहिवासी तीच होती. त्यांचा पुढारी एक कान तुटलेला तांबडा कुत्रा होता. तो भुंकला नाही. भुंकला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्यामागे चालू लागला, आणि बाकीची त्याच्या मागे. मी चाल वाढवली, त्यांनी वाढवली. मी शिट्टी फुंकली, तर लांबून आणखी दोघंतिघं धावत आली. मग मात्र जीव मुठीत धरून मी असा पळालो, की कॉलेजात कधी पळालो नव्हतो. कोणत्या दिशेला ते मला विचारू नका. कुत्री कधी थांबली तेही मला ठाऊक नाही. मी थांबलो तेव्हा डाव्या बरगडीखाली कळ येत होती.

डावीकडे. मी तिथेच एका सिमेंटच्या ठोकळ्यावर बसलो. मला घाम फुटला होता. पण तो पळल्याचा की शेवटचा, ते कळेना. मी गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. गोळीने डोकं गरगरायला लागलं, तसं माझी खात्रीच पटली. काय आठवलं म्हणाल, तर बाथरूम आठवलं. आपण आता गाणं म्हणत नाही, आणि दारावर थाप मारायला इथे कोणी नाही.

इकडे घरी काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. बायको फोन समोर ठेवून बसली होती. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी. मुलीने घातलेला नकाशा भरावाच्या आधीचा होता, त्यामुळे आमच्या गल्लीपुढे त्यात सगळं निळं पाणी. ठिपका गल्लीच्या टोकाशी थोडा थांबला. मग तो पाण्यात उतरला.

"पाय भिजवत असतील," काकू म्हणाल्या.

ठिपका आणखी आत गेला. मग एकदम सुसाट वेगाने खोल समुद्राकडे निघाला.

"बोटीत आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "पोहून एवढा वेग शक्य नाही."

आता सेक्रेटरींना भराव माहीत नव्हता असं नाही. उलट त्यांना तो सगळ्यांत जास्त माहीत होता. सोसायटीच्या वतीने त्यांनी त्याला जोरदार विरोध केला होता, सभा घेतली होती, आणि विरोध अजून मागे घेतलेला नव्हता. त्यामुळे त्यांच्या लेखी तो भराव झालेलाच नव्हता. बायकोने एकदा विचारलंसुद्धा, "तिकडे काही जमीन झालीये ना हो?" तर ते ठामपणे म्हणाले, "सोसायटीला ते मान्य नाही."

मग ठिपका थांबला. भर समुद्रात, चोहोबाजूंनी निळं, आणि मध्ये तो हलेना. बायकोने फोन लावला. मी आवाज बंद केलेला. तिने लावतच राहावं, मी उचलू नये. काकू म्हणतात, ती ओरडली नाही की रडली नाही. फक्त त्या ठिपक्यावर बोट ठेवून त्याला पुढे ढकलत होती.

सेक्रेटरींनी पोलिसांना कळवलं.

माझी कळ हळूहळू कमी झाली, एक मोठी ढेकर आली आणि ती पूर्णच गेली. केळी होती ती. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्या ठोकळ्यालाच थोपटलं. उठून बघतो तर पलीकडे, दगडांच्या बांधाखाली, समुद्र! माझा समुद्र होता, फक्त पुढे सरकून राहायला गेला होता. बांधावर एक हवालदार उभा होता आणि पाण्यात एक बोट गोल गोल फिरत होती. इतक्या वेळाने माणूस दिसल्याचा आनंद होऊन मी त्यांच्याकडे गेलो.

"काय झालंय हो?"

"मागे व्हा काका. कोणीतरी बुडालंय."

माझ्या अंगावर काटा आला. "अरेरे! कोण?"

"एक म्हातारा आहे. हृदयाचा पेशंट. एकटाच घरातून निघून गेला."

"घरच्यांनी सोडलं कसं?"

"तेच तर. त्यांचे सेक्रेटरी म्हणाले, डोक्यानेही थोडा कमी आहे."

सेक्रेटरी शब्दावर मी थबकायला हवं होतं. पण सेक्रेटरी काय, सगळ्याच सोसायट्यांना असतात. आणि 'म्हातारा' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काठी टेकत चाललेला एक गृहस्थ उभा राहिला, त्याच्या जागी स्वतःला बघण्याचं मला काही कारण नव्हतं. मी हवालदाराच्या शेजारी उभा राहून पाण्यात डोळे फाडफाडून बघू लागलो. मी त्याला एक तरंगतं डबडंसुद्धा दाखवलं. बिचाऱ्या म्हाताऱ्याची मला मनापासून कणव आली, आणि त्याच्या घरी काय चाललं असेल, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात बांधावर, जरा अंतरावर, एक बाई पळत आली. अनवाणी होती. केस सुटलेले, पदर खोचलेला, आणि हातात चक्क लाटणं. ती माझी बायको होती. ती चौथ्या मजल्यावर चढताना प्रत्येक मजल्यावर थांबते. ठिपक्याचा रोख धरून ती घरापासून इथपर्यंत पळत आली होती, आणि त्या कुत्र्यांमधून आली होती.

तिने मला पाहिलं नाही. ती पाण्याकडेच बघत होती. आपण गेल्यावर आपल्या बायकोचा चेहरा कसा दिसेल, ते कोणाला बघायला मिळत नाही. मी तो पाहिला. आजवर मी आयुष्यात ज्या ज्या गोष्टींना भ्यालो त्या सगळ्या त्या चेहऱ्यापुढे काहीच नव्हत्या. मी हाक मारणार तेवढ्यात तीच दगडावर पुढे झाली आणि समुद्राला म्हणाली, रोज स्वयंपाकघरातून म्हणते तसं, फक्त जोरात,

"अहो! ऐकलंत का?"

"आलो, आलो," मी म्हणालो. सवयीने तोंडातून निघून गेलं.

ती वळली. हवालदारही वळला, त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि बोटीला हात करून सांगितलं, "या परत. सापडला म्हातारा. इथेच उभा होता, शोधत." बायको जवळ आली. तिने माझ्या छातीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून ती खाली बसली. त्यामुळे मलाही बसावं लागलं. मग हवालदाराने पुढे अर्धा तास मला जे काय सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकलं. तो एक शब्दही चुकीचा बोलला नाही.

परतताना तिच्या पायात माझे बूट होते आणि मी मोज्यांवर चालत होतो. जिन्याखाली सगळी बिल्डिंग जमली होती. सेक्रेटरी हातात खडू घेऊन सोसायटीच्या फळ्यापाशी उभे होते. फळ्यावर 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं सुंदर अक्षरात लिहून झालं होतं. मला पाहून ते दोन क्षण गोंधळले. पण लिहिलेलं पुसायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. त्यांनी पुढे 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, आणि लोकांनी त्यांना जाब विचारला, ही गोष्ट वेगळी.

घरात फोनवर मुलगी रडत होती. "बाबा, पुरे झालं आता. ठरल्याप्रमाणे तुम्ही दोघं इकडे यायचं. शनिवारी गाडी पाठवते."

मी हो म्हणणार होतो. बायकोच्या पायांना जखमा झाल्या होत्या, काकू त्यांना हळद लावत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तो दांडा, ती घंटा, तो जिना, सगळं मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं. पण बायकोने माझ्या हातातला फोन घेतला.

"आम्ही येत नाही. आधी तो ठिपका काढ माझ्या फोनवरनं."

"अगं आई, मग बाबा कुठे आहेत ते तुला कळणार कसं?"

"नको कळायला. इतकी वर्षं ऑफिसला जात होते, तेव्हा कुठे कळत होतं? मी स्वयंपाक करून ठेवायचे, की हे यायचे." तिने पाय काकूंच्या हातातून ओढून घेतला. "तो थांबला होता ना, तेव्हा मी इथे बसून त्यांना मरताना बघितलंय. एकदा बघितलं ते पुष्कळ झालं."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी नाही आता कुठे जात. मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "उद्या जा तुम्ही. एकटे जा. पण वाटेत मला दिसू नका. दिसायचं ते एकदम दारातच दिसा."